येशूच्या छातीवर वॉटरमार्क

यंदा झावळ्यांच्या रविवारी आमच्या उपासनेत पडद्यावर येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला, तेव्हा त्याच्या छातीवरून तिरपी पुसट अक्षरं गेलेली होती. फोटो विकणाऱ्या कुठल्याशा साइटचं नाव. पोरं खुसखुसली. पाळकसाहेबांनी खोकून वेळ मारून नेली. ते चित्र लावणारा मीच. शनिवारी रात्री साडेअकराला गुगलवर पहिलं दिसलं ते उचललं होतं.

आमची मंडळी वास्कोची. चाळीसेक घरं, बहुतेक नगर-सोलापूरकडून बंदरात नाहीतर रेल्वेत नोकरीला आलेली. गोव्यात चर्च म्हटलं की लोकांना पांढरीशुभ्र भिंत आणि रोमी कोंकणीतली मिस, म्हणजे कॅथलिक उपासना, आठवते. भाड्याच्या हॉलमध्ये पेटी-तबल्यावर मराठी गीतं म्हणणारे आम्ही त्यांच्या खिजगणतीत नसतो. स्लाइड करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण 'तुला कॉम्प्युटर येतो ना'. मी हिशेब लिहिणारा माणूस. चित्रकलेत चौथीपासून काठावर पास.

तर त्या रविवारनंतर पंचकमिटी बसली आणि ठराव आला की उपासनेसाठीचं खास परदेशी सॉफ्टवेअर वर्षाच्या वर्गणीवर घ्यावं. मी विरोध केला, आणि आजही माझं मत तेच आहे: एक रुपयाही घालू नका. असलं एक मी ट्रायलवर वापरून पाहिलं होतं. त्यात बर्फाचे डोंगर, धुकं, सूर्यास्तासमोर पसरलेले हात, सगळं झकास. पण 'ख्रिस्त' टाइप केलं आणि त्यातला रकार आणि वेलांटी अशी विस्कटली की वाचणाऱ्याने कपाळाला हात लावावा. ज्याला आपल्या प्रभूचं नाव धड लिहिता येत नाही त्याला वर्गणी कसली द्यायची?

गंमत म्हणजे हे दुखणं आपल्याकडे चारशे वर्षं जुनं आहे. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये इथेच राशोलला छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपी मात्र रोमन. त्यांच्या छापखान्यात देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, नव्हते. आपल्याकडे आता खिळे फुकट आहेत, तरी आपण रडतो.

खरंच फुकट आहेत. गुगल फॉन्ट्सवर 'मुक्ता' आहे, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला. लांबून वाचायला उत्तम. 'तिरो देवनागरी मराठी'मध्ये ल आणि श आपल्या वळणाचे मिळतात, हिंदी वळणाचे नाही. वचनांसाठी मी तो वापरतो. जुनी गीतं कुणीतरी जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करून ठेवली होती, ती दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती सगळी मी बायकोसोबत पावसाळाभर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. यातली बरीचशी ना. वा. टिळकांची. ते १९१९ मध्ये गेले, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही.

बाकी सामान किरकोळ. स्लाइड लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये. गीतं पडद्यावर दाखवायच्या ओपनएलपी या सॉफ्टवेअरमध्ये साठवलेली, म्हणजे पाळकसाहेबांनी ऐनवेळी गीत बदललं तरी घाम फुटत नाही. दोन्ही मोफत. नाताळाचं पोस्टर कॅनव्हाच्या फुकट खात्यावर. तिथे मुकुटाची खूण असलेल्या, म्हणजे पैसेवाल्या, चित्राला हात लावायचा नाही, नाहीतर पुन्हा वॉटरमार्क.

आणि एक गोष्ट मला तिसऱ्या बाकावरच्या मावशींनी शिकवली. 'बाळा, तुझा सूर्यास्त दिसतो, गाणं दिसत नाही.' प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. काळं म्हणजे फक्त प्रकाश न पडलेली भिंत. आमच्या हॉलला सहा खिडक्या. गडद फोटोवर पांढरी अक्षरं तिथे धुऊन निघतात. तेव्हापासून साध्या फिकट पार्श्वभूमीवर काळी, मोठी अक्षरं, एका स्लाइडवर चारच ओळी. चित्र वेगळ्या स्लाइडवर, एकटं.

आता चित्रांचं. 'देवाच्या कामाला कसला आलाय कॉपीराइट' असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. कायद्यात धार्मिक विधीसाठी सूट आहे, पण ती शब्द, नाटक, संगीत आणि ध्वनिमुद्रण सादर करण्यापुरती. चित्राला ती नाही. मग काय करायचं? न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ पासून आपल्याकडच्या जुन्या चित्रांच्या लाखो प्रतिमा कुणीही वापराव्यात म्हणून खुल्या केल्यात. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनेही केल्यात. रेम्ब्रांटची येशूवरची कोरीव चित्रं अशी की पाहून तोंड बंद व्हावं. मी ती भरपूर वापरली.

पण मन भरेना. रेम्ब्रांटचे चेहरे शेवटी हॉलंडचे. आपल्या गोव्यातल्या सांत इस्तेव्हचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसवली, आणि त्यापायी गोव्यातल्याच लोकांचे टोमणे खाल्ले. ते १९६७ मध्ये गेले. आपल्या कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर साठ वर्षं धरली, तर त्यांची चित्रं १ जानेवारी २०२८ला मोकळी होतील. मी तारीख लिहून ठेवलीय. तोवर ती उचलायची नाहीत, अगदी मोह झाला तरी.

मधल्या काळासाठी मोबाइल आहे. 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा' या वचनाला मी पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागराचा फोटो लावला, मार्चमधला, मिठाच्या ढिगांसकट. शिष्यांच्या जाळ्यांसाठी खारीवाड्याची जेटी. मेंढपाळ अडला होता, कारण वास्कोत मेंढरं आणायची कुठून? शेवटी संगमनेरच्या मावसभावाने घाटातल्या धनगराचा फोटो पाठवला, त्याला विचारून काढलेला: लाल मुंडासं, खांद्यावर कोकरू. तो पडद्यावर आला तेव्हा हॉलमध्ये कुणी खुसखुसलं नाही. मागून एक आजोबा मोठ्याने म्हणाले, 'हा आमच्याकडचा!'

पुढच्या महिन्यात पेरणाऱ्याचा दाखला आहे. कुणाकडे खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, पेरणीचा स्वतः काढलेला फोटो असेल तर पाठवा, नाव खाली टाकीन. फक्त मोबाइल आडवा धरा. उभे फोटो माझ्याकडे दोनशे पडलेत.