टिकाऊपासून टाकाऊ

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला 'टाकाऊपासून टिकाऊ' नावाचा एक छळ असायचा. माझ्या काडेपेट्यांच्या सोफासेटला दहापैकी चार गुण मिळाले होते. तो डाग धुऊन काढायचा म्हणूनच की काय, पंचेचाळिशीत मी जुन्या वस्तूंच्या कुंड्या करायला घेतल्या.

पुण्यात या व्यसनाची सोय आहे. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. ताडपत्रीवर नळाच्या चाव्या, बंद घड्याळं, कुणाच्या तरी आजोबांचा चष्मा. घासाघीस करायची म्हणून मी चेहऱ्यावर संन्याशाचा भाव घेऊन गेले होते, पण खांद्यावरच्या कापडी पिशवीवर तुळशीचं चित्र होतं. विक्रेत्याने एका नजरेत ओळखलं, गिऱ्हाईक झाडवालं आहे. "ताई, अँटिक आहे," तो म्हणाला. अर्ध्या तासात माझ्याकडे लोणच्याची चिनी मातीची बरणी, एक पितळी पिकदाणी आणि तोटी गेलेला तांब्याचा बंब एवढा संसार झाला. रिक्षावाल्याने बंब पायाशी घेतला आणि हळूच विचारलं, "गिझर बिघडला का?"

दार सासूबाईंनी उघडलं.

"अगं, असाच होता आपला. गिझर आला तेव्हा मोडीत घातला. केवढ्याला आणलास?"

मी निम्मी किंमत सांगितली. निम्मी ऐकूनही त्या खाली बसल्या.

"आणि याचं करणार काय?"

"झाड लावणार, आई."

"बंबात?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि बराच वेळ कोथिंबीर निवडत राहिल्या. आमच्या घरात कोथिंबीर निवडणं हा निषेधाचा प्रकार आहे.

कुंडीला बुडाशी भोक लागतं. नवऱ्याकडे ड्रिल मशीन आहे. ते घेतल्यापासून त्याने त्यावर एकूण दोन पडदे लावले आहेत, पण उत्साह असा की पूल बांधून आला आहे. चिनी मातीला हिऱ्याच्या कणांचं बिट लागतं, वर पाण्याची धार धरून, जोर न लावता, हळूहळू भोक पाडायचं असतं. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्याने भिंतीचं बिट चढवलं, हॅमरचं बटण दाबलं, आणि भोक तेवढं राहिलं, भोवतालची बरणी गेली.

पिकदाणीला म्हणून मी त्याला हात लावू दिला नाही. तळाशी तीन इंच खडी, वर माती, त्यात पीस लिली. खडी घातली की पाणी खाली उतरतं, झाड सुखी, अशी माझी समजूत. पाणी मात्र तसं वागत नाही. मातीचे बारीक कण ते धरून ठेवतात, आणि माती पार ओथंबल्याशिवाय खडीकडे सोडत नाहीत. म्हणजे खडीने एवढंच केलं की तळाचा चिखल तीन इंच वर, थेट मुळांशी नेऊन ठेवला. लिलीने मान टाकली. तहानली असेल म्हणून मी आणखी पाणी घातलं. मग चिलटं आली. ही चिलटं अंडी ओल्या मातीत घालतात आणि जीव मात्र चहाच्या कपात देतात.

अशात सासूबाईंचे धाकटे भाऊ आले. मामा ऐंशीच्या घरातले, पानाचे शौकीन. गप्पा रंगात आल्या, पान रंगात आलं, मामांनी इकडे तिकडे पाहिलं आणि लिलीच्या उरलेल्या दोन पानांना अदबीने बाजूला सारून पिकदाणीचा पिकदाणीसारखा उपयोग केला.

"हल्ली कोण ठेवतं गं घरात?" ते गहिवरून सासूबाईंना म्हणाले. "सूनबाई फार विचाराची आहे हो."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

राहिला बंब. बंबाची रचना मुळात हुशार. मधल्या नळीत करवंट्या-कोळसे पेटवायचे, नळीभोवती पाणी, खाली जाळी, जाळीतून राख पडते. म्हणजे निचऱ्याची सोय तयारच! शिवाय या खेपेला मी शहाणी झाले होते. माती थेट आत न भरता झाड साध्या प्लास्टिकच्या कुंडीसकट नळीच्या तोंडात बसवायचं. (इतक्या साध्या कुंडीवर आपण सुरुवातीलाच का थांबलो नाही, हा प्रश्न नवऱ्याने विचारला. बरणीचा विषय काढल्यावर तो मागे घेतला.)

नर्सरीवाला म्हणाला, "स्नेक प्लांट न्या मॅडम. पंधरा दिवस पाणी विसरलात तरी मरत नाही." मग आवाज खाली आणून, "इंग्रजीत याला सासूची जीभ म्हणतात." उंच, ताठ, टोकदार पानं. मी पैसे दिले आणि घरी फक्त पहिलं नाव सांगितलं. "साप? घरात?" एवढं म्हणून सासूबाईंनी विषय सोडला. मी सुटले.

झाड बंबात खरंच शोभलं. दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्याने कौतुक केलं. दिवाळीच्या तोंडावर मी चार दिवस माहेरी गेले आणि नरक चतुर्दशीला पहाटेच्या गाडीने परतले, तर जिन्यातच धुराचा वास. आमच्याच गॅलरीतून धूर. वॉचमन आमच्या दारात उभा होता, पण त्याच्या हातात चकली होती.

गॅलरीत बंब धडधडत होता. चकचकीत, चिंचेने घासलेला. सासूबाईंनी मी नसताना तो तांबट आळीत पाठवून डाख लावून, नवी तोटी बसवून आणला होता. नवरा उटणं लावून, डोळे मिटून आंघोळीची वाट बघत बसला होता. आयुष्यात प्रथमच सकाळी पाचला त्याला हाक मारावी लागली नव्हती.

"ये, तुझंही पाणी काढते," सासूबाई म्हणाल्या. "गिझरच्या पाण्याला ही चव नाही." आंघोळीच्या पाण्याला चव असते हे मी मुकाट्याने मान्य केलं आणि झाड कुठे दिसतंय का, म्हणून कोपरे शोधू लागले.

"न्हाणीघरात बादलीत ठेवलंय ते," फुंकणी खाली ठेवत त्या म्हणाल्या. "बघून घे. सासूच्या जिभेला चटका बसला नाही ना?"