आधी कॅमेरा खाली ठेवा

सकाळपासून डोकं भणभणतंय. सोसायटीच्या ग्रुपवर एकाने चीनच्या ट्रिपचा व्हिडिओ टाकलाय. शिआन शहर, तिथल्या मुस्लिम मोहल्ल्यातली एक साधी खानावळ. टेबलाशी एक आजोबा बसलेत. समोर रिकामा वाडगा, हातात जाडसर रोटी, आणि ते शांतपणे तिचे बारीक तुकडे करून वाडग्यात टाकताहेत. कॅमेरा पार त्यांच्या तोंडापाशी नेलाय आणि मागून अस्सल मराठीत आवाज येतो, "बघा, शिळ्या पावाचे तुकडे मोडत बसलेत, भिकाऱ्यासारखे." मग हशा. खाली हसण्याच्या इमोजींची रांग.

सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? आजोबा एकदा वर बघतात आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतात. त्यांना वाटलं असणार, पाहुणा कौतुकाने बघतोय.

ती रोटी शिळी नसते हो! रोटी बारीक कुस्करून मटणाच्या रश्श्यात शिजवतात, त्या पदार्थाचं नाव यांगरोउ पाओमो. शिआनमध्ये येऊन तो खाल्ला नाही तर शिआनला गेलोच नाही असं तिथले लोक मानतात. हे मला ठाऊक आहे, कारण २०१९ च्या मे महिन्यात मी अशाच एका टेबलाशी बसले होते.

पाठीवर एक सॅक, खिशात चिनी अक्षरांत हॉस्टेलचा पत्ता लिहिलेला कागद, आणि बरोबर कोणी नाही. पहिले तीन दिवस फार जड गेले, खोटं कशाला सांगू. गूगल चालत नाही, म्हणजे नकाशाही नाही आणि भाषांतरही नाही. पहिल्याच रात्री अकरा वाजता एका लॉजवाल्याने परदेशी माणूस ठेवता येत नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं. फळवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोडचा पुठ्ठा टांगलेला, आणि मी नोट पुढे केली की सुट्ट्यासाठी त्याची पळापळ. मे महिन्याच्या उन्हात पाणी मागितलं तर वाफाळतं गरम पाणी. स्टेशनवर, हॉस्टेलवर, जिथे तिथे गरम पाण्याचा नळ आणि प्रत्येकाच्या हातात थर्मास. गार पाणी पिऊ नये, पोटाला बाधतं, हे माझी आजी मला जन्मभर सांगत आली. तिथे अख्खं शहर तिचं ऐकतं!

तर तो वाडगा. चौथ्या दिवशी दुपारी मी त्या गल्लीत शिरले. गल्लीतल्या मशिदीची स्थापना आठव्या शतकातली मानतात. आत गेलात तर घुमट नाही, चिनी देवळासारखी कौलारू छपरं आणि एकामागे एक चौक. बाहेर पांढऱ्या टोप्या घातलेले हुई मुसलमान खानावळी चालवतात. मी दुसऱ्याच्या टेबलाकडे बोट दाखवून तेच मागितलं. माझ्यासमोर एक भलामोठा रिकामा वाडगा आला आणि दोन जाड, घट्ट रोट्या. बस. मी थांबले. रस्सा येईना. बाई लांबूनच हाताने खुणा करत होती, तोड, तोड. मग मी आमच्या सवयीने मोठे मोठे तुकडे केले आणि वाडगा पुढे सरकवला.

शेजारी एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी माझ्या वाडग्यात बघितलं, जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं, आणि सरळ माझ्या वाडग्यात हात घातला.

मला घामच फुटला. आमच्या घरी दुसऱ्याच्या ताटाला बोट लागलं तरी आई ताट बदलायची. उष्टं म्हणजे उष्टं. अनोळखी माणूस, अनोळखी हात, आणि माझं जेवण. त्या क्षणी माझ्या मनात नेमकं तेच आलं जे आज त्या व्हिडिओत ऐकलं. शी! म्हणजे मी काही फार वेगळी नाही, एवढं मला कबूल करायलाच हवं. पण मी ते तोंडातून काढलं नाही आणि फोनही काढला नाही.

आजोबांनी एक तुकडा उचलला, अंगठा आणि दोन बोटांत धरून चिमटा घेतल्यासारखा तोडला आणि तळहातावर ठेवून मला दाखवला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मग दुसरा, मग तिसरा. मी करायला लागले. अर्धा तास आम्ही दोघं समोरासमोर बसून रोटी कुस्करत होतो, एक शब्दही न बोलता. आमचं गाव मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचं कोठार. आमच्या शेतावर दुपारी सगळे असेच वर्तुळ करून बसायचे आणि कडक भाकरी रश्श्यात कुस्करायचे. आजोबा (माझे) म्हणायचे, भाकरी चांगली बारीक कर, रस्सा आत मुरला पाहिजे. हे दुसरे आजोबा चिनीत तेच म्हणत असणार. माझी खात्री आहे.

वाडगा नंबराच्या बिल्ल्यासकट आत गेला. तिथे प्रत्येकाचा वाडगा वेगळा शिजवतात, ज्याचे तुकडे त्यालाच. परत आला तेव्हा त्यात मटणाचा पांढुरका रस्सा, काचेसारख्या पारदर्शक शेवया, वर मटणाचे काप. बाजूला मिरचीची चटणी आणि गोड मुरवलेला लसूण. मी ढवळायला लागले तर आजोबांनी परत माझा हात धरला. ढवळायचं नाही. कडेकडेने खात जायचं, म्हणजे मधलं शेवटपर्यंत गरम राहतं.

याला ते भिकारी म्हणतात! अर्धा तास हाताने घास तयार करणाऱ्या माणसाला! वाडगाभर रस्सा मिळवायला त्या माणसाने जी माया आणि धीर लावला तेवढा यांनी आयुष्यात कुठल्या जेवणाला लावलाय? विमानात बसून गेलात, बसमधून उतरलात, सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेले मातीचे सैनिक बघितलेत, तेही दोन बसच्या मधल्या वेळात. १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुदळीला ते लागले. खड्ड्यात हजारो सैनिक उभे आहेत आणि चेहऱ्याला चेहरा मिळत नाही. ते दोन हजार वर्षांचे मातीचे चेहरे बघून 'वाव' आणि जिवंत चेहऱ्याची टिंगल.

हो, मान्य आहे, लोक रस्त्यात थुंकतात, दार नसलेल्या संडासात मलाही जाववलं नाही, आणि शाकाहारी माणसाचे तिथे हाल होतात. डब्यात धपाटे घेऊन जा, कोण नको म्हणतंय. आणि गलवान मी विसरलेले नाही, ते कोणी मला शिकवू नये. पण गलवानचा हिशोब तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या रोटीवर लावणार का?

आता जरा शांतपणे लिहिते, चहा घेऊन आले.

त्याच शहरात एक सात मजली विटांचा मनोरा आहे. मोठ्या रानहंसाचा मनोरा म्हणतात. तो मुळात ६५२ साली बांधला, कशासाठी माहितीय? चिनी भिक्खू युआन श्वांगने भारतातून आणलेले ग्रंथ ठेवायला. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलाय तो, महाराष्ट्रात आला होता, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. इथल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलं की हे उपकार करणाऱ्याची जाण ठेवतात आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. मनोऱ्यासमोर हातात दंड घेतलेला त्याचा पुतळा आहे. मी त्याच्या पायथ्याशी संध्याकाळी बराच वेळ बसले होते. आजूबाजूला आज्या स्पीकर लावून रांगेत नाचत होत्या आणि एकजण मला बघून "यिंदु? आमिर खान!" म्हणाली. यिंदु म्हणजे भारत.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्याच युआन श्वांगने आपल्या जेवणाबद्दलही लिहिलंय. हे लोक जेवणाआधी हात धुतात, उष्टं पुन्हा वाढत नाहीत, एकाचं भांडं दुसऱ्याला देत नाहीत, आणि काड्या नाहीत, बोटांनी खातात. चॉपस्टिकच्या देशातून आलेला माणूस. त्याला आपलं बोटांनी कालवून खाणं किती विचित्र वाटलं असेल! नुसतं बघितलं, समजून घेतलं, आणि लिहिलं. म्हणून आज जवळजवळ चौदाशे वर्षांनंतर आपण आपल्याच पणज्यांच्या पंगतीत डोकावू शकतो. आणि आपण त्याच्या देशात जाऊन काय करून आलो? इमोजी.

मला माहितीय, कोणीतरी म्हणेल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, गंमत होती. गंमत ज्याची केली त्याला कळली असती आणि तोही हसला असता, तर गंमत. आपली किळस आपल्या घरात तयार झालेली असते, ती सामानात घेऊन आपण तिकडे जातो आणि माप मात्र समोरच्याच्या पदरात घालतो. माझी आई उष्ट्याचं इतकं करायची ते चुकीचं नव्हतं. पण आजोबांचा तो हातही चुकीचा नव्हता. दोन्ही एकाच वाडग्यात मावलं त्या दुपारी.

व्हिडिओ काढून टाका असं त्या गृहस्थांना मी फोन करून सांगणार आहे, ग्रुपवर नाही. ग्रुपवर भांडण होईल आणि आजोबा बाजूलाच राहतील.

एक राहिलं. माझा वाडगा संपत आला तेव्हा माझा लसूण कधीच संपला होता. आजोबांच्या बशीत एक पाकळी उरली होती. त्यांनी ती चॉपस्टिकने, त्यांच्या तोंडात जाऊन आलेल्या चॉपस्टिकने, उचलली आणि माझ्या वाडग्याच्या काठावर ठेवली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मानेने खूण केली, खा.

मी खाल्ली. गोड होती.