कोरी ठरवलेली पाच वर्षं

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा सांगलीहून फोन आला. ती राज्यशास्त्रात सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झालेली. मुलगी लहान असताना पाच वर्षं घरी होती, पण तेव्हाही एका दैनिकात परराष्ट्र घडामोडींवर नेमाने लिहायची. महाविद्यालयातल्या मुलाखतीत तिला विचारलं गेलं, "ही पाच वर्षं कोरी का?" सध्या ती तासिका तत्त्वावर शिकवते.

इकडे लंडनमध्ये मी फोन ठेवला आणि आंतरराष्ट्रीय संबंधांच्या ब्रिटिश अभ्यासक सुझन स्ट्रेंज आठवल्या. १९४३मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पदवीधर झाल्या आणि पत्रकारितेत गेल्या. आधी 'द इकॉनॉमिस्ट', मग 'द ऑब्झर्व्हर'साठी वॉशिंग्टनहून वार्तांकन. सहा मुलं वाढवली. पीएचडी केलीच नाही. तरी १९७८मध्ये, पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याच संस्थेतलं आंतरराष्ट्रीय संबंधांचं मानाचं अध्यासन त्यांना मिळालं.

ही मेहेरबानी नव्हती. या विषयातले अभ्यासक सैन्य आणि करार मोजत होते, अर्थशास्त्रज्ञ सत्तेकडे बघत नव्हते. दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली आहे, हे स्ट्रेंजबाईंनी १९७०च्या लेखात ठणकावून सांगितलं. कर्ज कोण देतं, कुणाच्या चलनात व्यवहार होतो, यावरही देशांची ताकद ठरते, हा त्यांचा आग्रह. वित्तबाजाराचा जुगार होतोय, हे त्यांनी १९८६मध्येच पुस्तक लिहून बजावलं. २००८चं संकट तेव्हा बावीस वर्षं दूर होतं. वृत्तपत्रातल्या वर्षांनीच त्यांना ही नजर दिली, असं मला वाटतं.

आपल्याकडे भारतात २०२२पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदावर वाद आहे. पीएचडी नसलेल्या अनुभवी माणसाला शिकवायला बोलवा, पण जास्तीत जास्त चार वर्षं. नेट-सेट झालेल्यांना हक्काच्या जागा जाण्याची भीती वाटते. ही पदं मंजूर जागांबाहेरची आहेत, तरी वर्षानुवर्षं तासिकांवर राबणाऱ्यांना ती भीती वाटणारच. मला खुपतं ते वेगळंच. नामवंताचा बाहेरचा काळ अनुभव ठरतो, घर सांभाळून लिहिणाऱ्या बाईचा मात्र खंड.

इथे ब्रिटनमध्येही आता पीएचडीशिवाय सहसा दार उघडत नाही, तरुण शिक्षक मुदतीच्या करारांवर दिवस काढतात. स्ट्रेंजबाईंची वाट इथेही बुजत चालली आहे, याचं मला वाईट वाटतं.

बहीण पुन्हा अर्ज भरते आहे. ती पाच वर्षं 'अनुभव' या रकान्यातच लिही आणि कात्रणं जोड, असं तिला सांगितलंय.