अंडी मगाने मोजता का?

रविवारी तापलेलं माझं डोकं आज बुधवार उजाडला तरी थंड झालेलं नाहीये, म्हणून लिहून टाकतेय.

रेसिपी स्वॅपची कल्पना माझीच होती, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. आठ मैत्रिणी, प्रत्येकीने एक पदार्थ करून आणायचा, त्याची कृती कागदावर लिहून सात झेरॉक्स काढायच्या, खायचं, कागद वाटायचे, घरी जायचं. एवढं सोपं. प्रत्यक्षात दोघीच कागद घेऊन आल्या, एकीने "अगं ग्रुपवर टाकते ना नंतर" म्हणून हात झटकले (टाकलं नाहीये अजून), आणि एकीने कृती लिहिली होती पण त्यात एक जिन्नस गाळला होता हे मला पक्कं माहितेय, कारण तिचं सूप मी तीनदा केलंय आणि तीनदा ते तिच्यासारखं लागलेलं नाही. विचारलं की म्हणते, "हाताची चव असते गं." हाताची कसली, डब्यातली असते, आणि तो डबा ती दाखवत नाही.

कृती लिहिणारे लोक खोटं बोलतात हे माझं जुनं मत आहे. कांदा पाच मिनिटांत सोनेरी-तपकिरी होतो म्हणे! छान गोड, तपकिरी, मऊ कांदा व्हायला मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. हे जिने केलंय तिला माहितेय, जिने फक्त लिहिलंय तिला नाही. असो, मुद्दा कांद्याचा नाही.

मुद्दा भावजींचा आहे.

भावजी म्हणजे आमच्यातल्या एकीचे यजमान. ते तिला फक्त सोडायला आले होते. हे मी नाही, तेच म्हणाले, दारात, चप्पल काढता काढता. "मी निघतोच." मग म्हणाले, पाणी पिऊन निघतो. मग टेबलावरचे कागद दिसले, मग चष्मा निघाला, मग खुर्ची ओढली गेली. पुढचे तीन तास दर वीस मिनिटांनी ते "मी निघतोच" म्हणत होते.

माझा केक तसा प्रसिद्ध आहे. म्हणजे होता. कागदावर स्वच्छ लिहिलेलं: दोन कप मैदा, एक कप साखर, पाऊण कप तेल, तीन अंडी, दोन चमचे बेकिंग पावडर, बाकी किरकोळ. भावजींनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि विचारलं, "वहिनी, कप म्हणजे कुठला कप?"

म्हटलं, "कप म्हणजे कप."

"तसं नसतं ना. अमेरिकन कप साधारण २३७ मिलिलिटरचा. मेट्रिक कप २५०चा. जपानमध्ये २००चा. मोठ्या चमच्याचंही तेच, सगळीकडे १५ मिलिलिटर धरतात आणि ऑस्ट्रेलियात २०." मैत्रिणी खाणं थांबवून ऐकायला लागल्या. माझा केक तोंडात असताना माझ्याच केकची उलटतपासणी चाललीय आणि या माना डोलावतायत!

"शिवाय मैदा कसा भरता? चमच्याने हलका भुरभुरून भरलात तर कपात साधारण सव्वाशे ग्रॅम बसतो. डब्यात कप खुपसून काढलात तर दीडशेला टेकतो. खुपसता का?"

मी खुपसते. बोलले नाही.

"दाखवा बरं तुमचा कप."

इथे मी मूर्खपणा केला. माझा मग आणून टेबलावर ठेवला. पिवळा, कानाचा टवका उडालेला, दहा-बारा वर्षं जुना. यात मी चहा पीत नाही, हा फक्त केकचा. भावजींनी तो असा दोन बोटांनी उचलला जसं काही ते उकरून काढलेलं मडकं आहे, आणि बायकोला म्हणाले, "गाडीतून काटा आण गं." या माणसाच्या गाडीत वजनकाटा असतो. स्टेपनी असते का माहीत नाही.

रिकामा मग ठेवून काटा शून्यावर आणला, काठोकाठ पाणी भरलं, पुन्हा ठेवला. पाण्याचं बरं असतं, एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, आकडेमोड नको. आठ बायका वाकून त्या एवढ्याशा पडद्याकडे बघतायत. ३१०.

"तीनशे दहा," भावजी निकाल वाचल्यासारखे म्हणाले. "मेट्रिक धरला तर चोवीस टक्के जास्त. अमेरिकन धरला तर एकतीस."

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. म्हटलं, "भावजी, मी सगळं याच मगाने मोजते. मैदा, साखर, तेल, सगळं. मग प्रमाण तेच राहिलं ना?" खरंच बिनतोड होतं. दोघीतिघी "हो की" म्हणाल्या सुद्धा.

भावजींनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"वहिनी, अंडी मगाने मोजता का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाहीये. तीन अंडी ती तीनच, दोन चमचे पावडर ती दोनच, आणि माझा कागद वाचून जी साध्या कपाने मोजेल तिचा मैदा कमी पडणार, फुगवणारा माल तेवढाच राहणार, म्हणजे केक आधी टरारून फुगणार आणि मग मधोमध बसणार.

त्या शांततेत सोफ्याच्या कोपऱ्यातून आवाज आला. "म्हणजे माझा केक खचायचा तो यामुळे?"

आता हे सांगायला हवं की ही मैत्रीण चार वर्षं माझा केक करतेय आणि चार वर्षं तो मधोमध खचतोय. दरवेळी ती मला फोटो पाठवायची आणि दरवेळी मी अधिकारवाणीने सांगायचे की तुझ्या ओव्हनचं तापमान गंडलंय. ओव्हनचा काटा दहा-पंधरा अंश इकडेतिकडे असतो हे खरंच आहे, मी काही हवेत बोलत नव्हते. पण मी म्हणाले होते, बदलून टाक.

तिने बदलला होता.

यावर सगळ्या हसल्या, ती सोडून. मी पण हसले, दुसरं काय करणार. तोपर्यंत भावजींनी माझ्या कागदावर पेन्सिलने कप खोडून ग्रॅम लिहिले, सगळ्यांनी त्याचे फोटो काढले, आणि माझ्या सात नीटनेटक्या झेरॉक्स तिथेच पडून राहिल्या. एकीवर सरबताच्या ग्लासाचं गोल उमटलंय. रात्री ग्रुप उघडला तर त्या फोटोखाली लिहिलेलं, "भावजींचा केक, नक्की करून बघा." भावजींचा! त्या माणसाने मैद्याला हात लावलेला नाही, मगात पाणी भरलं फक्त.

रात्री झोप येईना म्हणून शोधत बसले तर कळलं की फॅनी फार्मर नावाच्या अमेरिकन बाईंनी १८९६ सालीच आपल्या पाककृतींच्या पुस्तकात आग्रह धरला होता की माप शीग लावून नाही, सपाट करून घ्या. म्हणजे हे सगळं एक बाई सव्वाशे वर्षांपूर्वी सांगून बसलीय. आणि आमच्याकडे एक गृहस्थ गाडीतून काटा आणतो तेव्हा ते शास्त्र होतं, "किती बारकाईने बघतात ना तुझे हे" होतं, आणि आम्ही वर्षानुवर्षं करतो ती हाताची चव. बरं, जाताना आठ जणांच्या प्लेटा, वाट्या, कढया यातलं एक भांडं त्यांनी विसळलं का? मोजून बघा म्हणावं किती भरतं ते वजन. साडेअकरापर्यंत घासत होते मी.

आणि घासताना लक्षात आलं की मग नाहीये.

ओटा बघितला, टेबलाखाली बघितलं, कचऱ्याच्या डब्यातसुद्धा हात घातला. मग फोन वाजला. नव्या ओव्हनवालीचा मेसेज: "पिवळा मग मी आणलाय. ओव्हनच्या बदल्यात. रागावू नकोस."

रागावले नाहीये. पण शनिवारी घरात वाढदिवस आहे, केक माझ्याकडे आहे, काल घरातला एकेक पेला पाण्याने भरून बघितला, त्या मगाएवढा एकही नाही. तिला दोनदा फोन केला, उचलत नाही. भावजींच्या ग्रॅमने करायचा तर काटा लागतो, आणि काटा कुणाच्या गाडीत आहे ते तुम्हाला माहितीच आहे.