बीपीची गोळी जिभेखाली ठेवायला सांगणारा मेसेज

काकूने अॅमलोडिपिन ही बीपीची गोळी बंद केलीये, का तर व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. त्यात म्हटलंय: ही गोळी कॅल्शियम अडवते म्हणून हाडं ठिसूळ होतात, पायावर सूज आली म्हणजे किडनी गेली, तेव्हा रोज घेऊ नका, बीपी वाढलं की एक जिभेखाली ठेवा.

शेवटचं आधी घेते, कारण त्याने जीव जाऊ शकतो. पूर्वी बीपी चढलं की निफेडिपिनची कॅप्सूल (अॅमलोडिपिनच्याच घराण्यातली) फोडून जिभेखाली द्यायचे, दवाखान्यातसुद्धा. बीपी धाडकन उतरायचं, आकडा बघून सगळे निर्धास्त, पण त्या झटक्यात मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडून काहींना लकवा झाला, काहींना अटॅक आला, काही दगावले. १९९६ मध्ये 'जामा' या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरांनीच लिहिलं की हे थांबवा. आणि आपण आज तेच फॉरवर्ड करतोय!

अॅमलोडिपिनचा तर तसा उपयोगही नाही. ती रक्तात पूर्ण चढायलाच ६ ते १२ तास घेते आणि उतरते इतकी हळू की रोज एक पुरते, म्हणून ती रोजच घ्यायची असते. जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट, छातीत दुखण्यासाठी, तीही डॉक्टरांनी दिली असेल तरच. बीपी जास्त दिसलं तर शांत बसून थोड्या वेळाने परत मोजा, डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय तर सरळ १०८.

हाडांचं म्हणाल तर काहीतरीच. ही गोळी रक्तवाहिन्यांच्या स्नायूत कॅल्शियम शिरण्याची वाट अडवते, वाहिनी सैल पडते, बस. हाडातल्या कॅल्शियमला हात लागत नाही.

सुजेचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य. घोटे सुजतात, १० एमजीच्या गोळीवर ५ एमजीपेक्षा जास्त. पण बारीक धमन्या रुंद झाल्या की पाणी बाहेर झिरपतं, म्हणून. किडनी गेली म्हणून नव्हे. डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात, आपण मनाने लघवीची गोळी घेऊन ही सूज फारशी उतरत नाही. सुजेबरोबर दम लागत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

आणि शेजारणीची डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल (याही कॅल्शियम अडवणाऱ्या गोळ्या) "एकाच प्रकारची" म्हणून घेऊ नका, त्या हृदयाचे ठोके मंदावतात, सोबत मेटोप्रोलॉलसारखी ठोके मंदावणारी गोळी चालू असेल तर फारच.