देवाची करणी आणि दादाची गाडी

टीव्हीवर 'ओ माय गॉड' लागला की आमच्या बडोद्याच्या फॅमिली ग्रुपवर भांडण होणार, हे आता ठरूनच गेलं आहे. सिनेमा २०१२चा. भूकंपात कांजीभाईचं दुकान पडतं, विमा कंपनी 'ही देवाची करणी' म्हणून हात वर करते, आणि परेश रावलचा कांजीभाई थेट देवावर, म्हणजे देवाच्या नावावर दुकान चालवणाऱ्या बाबा-महाराजांवर दावा ठोकतो. या वेळी बडोद्याच्या समा भागात राहणाऱ्या माझ्या थोरल्या मामेभावाने, ज्याला आम्ही सगळे नुसतं दादा म्हणतो, निकाल जाहीर केला : "चेष्टा करायला यांना आपलेच देव सापडतात. हिंमत असेल तर दुसऱ्यांवर काढून दाखवा." खाली अंगठ्यांची रांग. वहिनींनी भर घातली की सिनेमात शिवलिंगावर ओतल्या जाणाऱ्या दुधाचा हिशेब मांडणारे वाढदिवसाला तोंडाला फासल्या जाणाऱ्या केकबद्दल का बोलत नाहीत?

मी सिडनीहून एवढंच विचारलं, "दादा, सिनेमा शेवटपर्यंत बघितलास का?" उत्तर आलं, "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस." नोटाबंदी असो, करोना असो, गरब्याचे पास असोत, माझी बोळवण शेवटी याच वाक्यावर होते.

पण मी बघितला आहे शेवटपर्यंत. कांजीभाईच्या नोटिसा मौलवींना आणि पाद्र्यांनाही जातात. त्याच्यामागून दावे लावणाऱ्यांत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. त्याला कायदा सांगणारा वकील हनीफभाई. आणि कांजीभाई स्वतः तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? बाजारातल्या मूर्ती वाट्टेल त्या थापा मारून विकतो तो. शेवटी लोक त्यालाच देव करून त्याचं देऊळ बांधायला निघतात, तेव्हा तो स्वतःची मूर्ती फोडतो. यात देवाची चेष्टा कुठे आली? चेष्टा आहे ती आपली, रांगेत उभं राहणाऱ्यांची, आणि ती झोंबते.

राहता राहिलं 'दुसऱ्यांवर काढून दाखवा'. काढलाय की! जवळजवळ हीच गोष्ट इथे ऑस्ट्रेलियात २००१ साली 'द मॅन हू स्यूड गॉड' या सिनेमात पडद्यावर आली होती. विनोदी नट बिली कॉनॉलीची बोट वीज पडून जाते, विमा कंपनी देवाकडे बोट दाखवते, तो चर्चवर दावा लावतो. लोक हसले आणि घरी गेले. पुढे २०१३ ते २०१७ रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं, मुलांवरच्या अत्याचारांसाठी चर्च, शाळा, अनाथाश्रम यांची जाहीर झडती झाली, बिशपांना साक्षीला बसावं लागलं. २०२१च्या जनगणनेत ३८.९ टक्के लोकांनी धर्माच्या रकान्यात 'कुठलाच नाही' लिहिलं, म्हणून देश काही बुडाला नाही. हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. याच देशात एका बाईने आहाराने कॅन्सर बरा झाल्याचं सोंग करून अ‍ॅप आणि पुस्तक विकलं आणि २०१७ साली कोर्टाने तिला ४,१०,००० डॉलर दंड केला, हे मात्र टाकलं नाही. आपली बाजू मांडताना सगळंच कशाला सांगायचं?

खरं तर मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हा विनोद बाहेरून आलाच नाही, तो आपल्या गुजरातेत पिकला. सिनेमाच्या आधी 'कांजी विरुद्ध कांजी' हे गुजराती नाटक होतं. २६ जानेवारी २००१चा भुजचा भूकंप अंगावर घेतलेला हा प्रेक्षक. अहमदाबादेत नव्या कोऱ्या बहुमजली इमारती खाली आल्या, बिल्डरांवर खटले झाले. देवाच्या करणीआड कोण कोण लपतं हे या लोकांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि ज्याने पडद्यावर बाबांची पिसं काढली, त्या परेश रावलना दोनच वर्षांनी, २०१४ला, अहमदाबाद पूर्वच्या मतदारांनी भाजपचे खासदार म्हणून दिल्लीला पाठवलं. कुणाच्या भावना मध्ये आल्या नाहीत. मग आत्ताच काय झालं?

आणि बडोद्याच्या माणसाने तर हे बोलूच नये. सयाजीरावांनी १९१५ साली कायदा केला की पौरोहित्य करायचं तर आधी परीक्षा पास व्हा. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेल्या आंबेडकरांनी १९३६ साली हेच सबंध देशासाठी मागितलं : परीक्षा द्या, सनद घ्या, मग पूजा सांगा. आज कुणी असं बिल आणलं तर आमच्या ग्रुपचं काय होईल याची कल्पनाच केलेली बरी.

दादाची गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०२४ला विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा त्याची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती. पाणी चढायला लागल्यावर, गाडी उंचावर नेऊ म्हणून, त्याने गुडघाभर पाण्यात सेल मारला. इंजिनने पाणी ओढलं आणि जाम झालं. विम्याचा सर्व्हेअर आला, आधी सीटखाली हात घालून कार्पेट दाबून बघितलं आणि मग अगदी सहज विचारलं, "सेल मारला होता का?" दादा सरळ माणूस, हो म्हणाला. झालं! सीट, कार्पेट, वायरिंग मंजूर, इंजिन नामंजूर. पाण्यात गाडी चालू केली ही तुमची चूक, आणि इंजिनसाठीचा जादा विमा तुम्ही घेतलेला नाही. ऑफिसातल्या साहेबाने चहा मागवून समजूत काढली, "कुदरत आगळ आपणुं शुं चाले?" म्हणजे निसर्गापुढे आपलं काय चालणार? दादाचा पारा असा चढला की म्हणे बाहेरचा शिपाई आत आला. "कुदरत कसली? नदीत बांधकामं कुणी होऊ दिली? आणि हप्ते घेताना कुदरत आठवली नाही?"

दादा, हा कांजीभाईचाच डायलॉग आहे. मी तुला तसं लिहिलं तेव्हा तू ग्रुप म्यूट केलास.

आता माझं सांगतो. ऑफिसात मॉर्निंग टीला बोटीचा विषय निघाला, त्यावरून कॉनॉली, आणि मी मोठ्या अभिमानाने कांजीभाईची गोष्ट सांगितली. सगळे हसले. एकाने अगदी निर्मळपणे विचारलं, "खरंच एवढं दूध नुसतं ओतून देता?" आणि माझं अंग ताठ झालं. अर्पण म्हणजे काय, प्रतीक म्हणजे काय, मी व्याख्यानच दिलं. वर वहिनींचा केकचा मुद्दा जसाच्या तसा वापरला, फक्त केकच्या जागी मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीतली शॅम्पेन. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात टीव्हीसमोर बसून मी याच दृश्याला टाळ्या वाजवल्या होत्या. तिथे देव घरातलाच होता, आजीच्या देखत त्याची टिंगल चालायची आणि मग आरतीला सगळे उभे. इथे हसणारा समोर बसलेला असतो आणि त्याच्या लेखी देवाचा वकील मीच. बडोद्यात मी परदेशी, इथे मी सनातनी! दादा खरं तर मला सिनेमाबद्दल विचारतच नाहीये. आपल्या घरच्यांवर हसायचा हक्क तुझ्याकडे अजून शिल्लक आहे का, एवढंच त्याला विचारायचं आहे. याला माझ्याकडे जनगणनेचा आकडा नाही.

परवा त्याने ग्रुप पुन्हा अनम्यूट केला. मी आमच्या इथल्या मंडळाच्या गणपतीचे फोटो टाकले होते. मंडळाचा खजिनदार मीच. दादाने लिहिलं, "छान. तुमच्या गुरुजींनी सयाजीरावांची कुठली परीक्षा दिली आहे?" आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका बँकेत डेटाचं काम करतात आणि प्राणप्रतिष्ठा यूट्यूबवर शिकले आहेत. वहिनींनी त्यावर हसण्याचा इमोजी टाकला, मीही टाकला.