रात्री फ्रीज बंद करू नका, काका

आमच्या भांडुपच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. ‘मुंबईकरांनो सावधान! तुमच्या घरातला फ्रीज म्हणजे जिवंत बॉम्ब!’ खाली पाच सूचना आणि शेवटी ‘दहा जणांना पाठवा, एक जीव वाचेल’. पाठवणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका. सोसायटीची टाकी स्वतः उभं राहून धुऊन घेणारा माणूस, त्यामुळे हेतूबद्दल शंका नाही. पण त्या पाचांतल्या दोन सूचना पाळल्या तर घरातलं कुणीतरी नक्की आजारी पडेल, म्हणून हे लिहितोय.

‘रात्री 11 ते सकाळी 6 फ्रीज बंद ठेवा. कॉम्प्रेसरला विश्रांती मिळते, बिल निम्मं होतं.’

आधी बिलाचं. अडीचशे लिटरच्या आसपासच्या दोन दारांच्या फ्रीजच्या स्टार स्टिकरवर वर्षाला साधारण 200 ते 250 युनिट असा आकडा असतो. म्हणजे महिन्याला वीसेक युनिट. आमच्या घरी महिन्याला दोनशेच्या पुढेमागे युनिट पडतात. उद्या फ्रीज भंगारात काढला तरी बिल निम्मं होणार नाही, मग रात्रीपुरता बंद करून कसं होईल? विश्रांतीचं म्हणाल तर आत पुरेसं गार झालं की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला आपोआप थांबवतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे फ्रीज तर हळूहळू चालत राहण्यासाठीच बनवलेले असतात.

खरा घोळ आतल्या अन्नाचा आहे. दार न उघडता बंद फ्रीज चारेक तास गार राहतो, त्यापुढे भरवसा नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा आपण दुधाची पातेली हुंगत बसलो होतो. हा मेसेज तेच रोज रात्री सात तास, हौसेने करायला सांगतो.

‘गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवलं की त्याचं विष होतं. रात्रभर बाहेर निवू द्या, सकाळी ठेवा.’

हा मुद्दा सगळ्यांत घातक, कारण त्यात चिमूटभर खरं आहे. उकळत्या कालवणाचं पातेलं थेट आत ठेवलं की शेजारचं दूध-दही कोमट होतं, हे खरं. पण विष होतं ते बाहेर. जंतूंना मानवतं ते 5 ते 60 अंशांच्या मधलं तापमान, आणि मे महिन्यात मुंबईचा पारा रात्रीही 27-28 च्या खाली जायला कुरकुरतो. भाताचं उदाहरण घ्या. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. सकाळी फोडणी दिली तरी ते विष टिकतं. तोवर भाताला वास आलेला असतोच असं नाही, त्यामुळे ‘आंबूस लागत नाही ना, मग खा’ हा आपला घरगुती निकष इथे लंगडा पडतो.

दोन तासांच्या आत अन्न फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, भर उन्हाळ्यात तासाभरात. भात ताटात पसरा, पंख्याखाली पाच-दहा मिनिटांत वाफ जाते. वरणाचं पातेलं परातीत गार पाणी घालून त्यात ठेवा. मग उथळ डब्यांत भरून आत. डबा कोमट असला तरी चालेल.

‘कापलेला कांदा फ्रीजमधले सगळे जंतू शोषून घेतो.’ नाही शोषत. कांदा म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर नव्हे. झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर दुधाच्या चहाला कांद्याचा वास येईल, एवढंच.

‘शॉक लागू नये म्हणून रबरी चप्पल घालूनच फ्रीज उघडा.’ हँडलला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वायरमनला बोलवा, चप्पल शोधू नका. तीन पिनांतली वरची जाड पिन अर्थिंगची. जुन्या चाळींत भिंतीतल्या त्या भोकामागे वायरच नसते, किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून तिला बाद केलेलं असतं. अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवा. चप्पल आज तुम्हाला वाचवेल, उद्या अनवाणी रांगत आलेल्या नातवाला नाही. एक्स्टेंशन बोर्डवर फ्रीज लावू नका, असंही इथेच लिहिलंय आणि ते मात्र शंभर टक्के बरोबर आहे.

आता तो बॉम्ब. ‘नव्या फ्रीजमध्ये सिलिंडरचाच गॅस असतो.’ काका, हे जवळपास खरं आहे! ओझोनला भोक पाडणारा जुना गॅस गेला, आणि आता बहुतेक नव्या फ्रीजच्या मागच्या पट्टीवर आर-600ए लिहिलेलं असतं. म्हणजे आयसोब्युटेन, सिलिंडरमधल्या ब्युटेनचा सख्खा भाऊ. तो पेटतो. पण घरच्या फ्रीजमध्ये तो शंभर ग्रॅमपेक्षाही कमी असतो आणि बंद नळ्यांत फिरतो. ओट्याखालच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो असतो, त्याला आपण बॉम्ब म्हणत नाही.

धोका कुठे, तर आपल्या हातातल्या सुरीत. माझ्या आत्याने लहानपणी आमच्यादेखत बर्फात रुतलेलं पापलेट काढायला सुरी खुपसली, फुस्स आवाज झाला आणि फ्रीज गेला. जुना गॅस होता, म्हणून खर्चावर भागलं. आज तसा आवाज आला तर खिडक्या उघडा, गॅसची शेगडी विझवा, जवळचं कुठलंही बटण दाबू नका, मेन स्विच बाहेरच्या मीटर बॉक्समधून बंद करा. बर्फ साठला तर फ्रीज बंद करून वितळू द्या. आणि गॅस भरायला आलेला मेकॅनिक पट्टी न वाचताच नळ्या जोडायचा ज्वालेचा टॉर्च पेटवू लागला, तर त्याला तिथेच थांबवा.

मेसेजमध्ये न आलेली गोष्ट फ्रीजच्या मागे आहे: कॉम्प्रेसरवरचा पाण्याचा ट्रे. पावसाळ्यात महापालिकेचे लोक डासांच्या अळ्या शोधायला येतात, तेव्हा ते तिथे टॉर्च मारतात, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्या-दीड आठवड्यात अंड्याचा डास होतो. हे लिहिण्याआधी आमचा ट्रे ओढून पाहिला. दोन बोटं पाणी होतं.